साहेबांची दुसरी खुर्ची

"घरी विचारलंत का?"

कर्जाचा अर्ज पुढे सरकवला की आमचे मॅनेजरसाहेब चष्मा काढायचे, टेबलावर उपडा ठेवायचे आणि हे विचारायचे. टेबलासमोर दोन खुर्च्या. एक कर्ज मागणाऱ्याची, दुसरी त्याच्या बायकोची. दुसरी रिकामी असली की साहेबांचं पेन चालत नसे. बँकेचा असा काही नियम नव्हता, तो साहेबांनी स्वतःच काढलेला. सोलापुरात आमच्या पेठेतल्या त्या शाखेत तुम्ही कधी कर्ज मागायला गेला असाल, तर तुम्हीही बायकोला शोधायला परत घरी पळाला असाल.

साहेब स्वतः घरी विचारल्याशिवाय शर्टसुद्धा घेत नसत. त्यांच्या पत्नी शाळेत शिक्षिका, सकाळी लवकर निघायच्या. म्हणून दोन्ही मुलींच्या वेण्या साहेब घालायचे. एकदा हेड ऑफिसचे मोठे साहेब समोर बसलेले असताना यांनी सहीसाठी खिशातून पेन काढलं, तर पेनाबरोबर लाल रिबीन बाहेर आली. साहेबांनी ती बोटाला नीट गुंडाळली, परत खिशात ठेवली आणि सही केली. "धाकटीची आहे," एवढंच म्हणाले.

मी सांगोल्याकडचा. हातगाडीवर शेंगाचटणी विकत विकत या शहरात स्वतःचं दुकान केलं. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडी उचलत नाही. शेजारचा गाळा विकायला निघाला आणि समोरच्या मोबाईलवाल्याचाही त्यावर डोळा आहे असं कळलं, तेव्हा मी जेवणावरून उठून बँकेत गेलो.

"घरी विचारलंत का?"

"दुकान माझं, सही माझी. घरी कशाला विचारायचं?"

"कर्ज तुम्ही काढता हो, फेडतं सगळं घर. उद्या वहिनींना घेऊन या की."

"व्याज अर्धा टक्का सोडा, आणतो."

"मंडईत आलाय का तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी नेलं. माझी बायको मैंदर्गीची, माहेरची भाषा कन्नड. साहेबांच्या घरातही तीच. साहेबांनी तिला 'अक्का' म्हटलं आणि ती अशी खुलली की विचारू नका. दोघं कन्नडमधून बोलत बसले आणि मी शेजारी दगडासारखा. मला कन्नडमधला एकच शब्द येतो, 'ब्याड', म्हणजे नको. लग्नापासून घरात तोच जास्त ऐकलाय. मधेच तिने तळहात पुढे केले, साहेबांनी वाकून बघितले. शेवटी ती तोच बोलली. साहेबांनी चष्मा घातला आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

"अहो, कर्ज मी मागतोय का ही?"

"ओरडू नका. घरी जाऊन बोला."

घरी जाऊन ओरडलो. ती म्हणाली, "सायबांस्नी विचारा की." साहेबांना विचारलं तर म्हणाले, "घरी विचारा." गाळा मोबाईलवाल्याने घेतला. त्याने दारात लावलेली गाणी अजून दिवसभर माझ्या डोक्यात वाजतात. त्या दिवाळीला मी साहेबांकडे चटणी पाठवली नाही. ते स्वतः दुकानात आले आणि सांगितलेल्या भावाने विकत घेऊन गेले. घासाघीसही केली नाही. त्याचा मला जास्त राग आला.

पुढे साहेब निवृत्त झाले, आणि मागच्या उन्हाळ्यात गेले. मी हार घेतला. हारवाल्याने सांगितले तेवढे पैसे दिले. तो मला ओळखतो. नोट उजेडाला धरून बघत होता.

परत येताना रिक्षात बायको डोळे पुसत होती. मी म्हटलं, "आता तरी सांग, त्या दिवशी काय बोललात?"

"त्यांनी इचारलं, अक्का, दुकान दुप्पट झालं तर चटणी कुटणार कोण? मी म्हटलं, मीच की. मग म्हणाले, हात दाखवा."

गाळा, फळ्या, पाटी, विजेचं बिल, मी सगळं हिशेबात धरलं होतं. उखळापाशी कोण बसणार, ते धरलं नव्हतं. पण म्हणून काय झालं?

"हे मराठीत बोलायला काय झालं होतं तुम्हाला? कुटायचं यंत्र त्याच कर्जात बसवलं असतं मी!"

"तुमी ऐकलं असतं व्हय?"

रिक्षावाला हसला. उतरताना मी त्याच्याशी भाड्यावरून भांडलो.

या महिन्यात कुटायच्या यंत्राचं कर्ज मागायला तिला घेऊन बँकेत गेलो. नवे साहेब तरुण आहेत. टेबलासमोर एकच खुर्ची. "मॅडमची गरज नाही, तुमची सही पुरे," म्हणाले. मी बाहेर गेलो आणि एक खुर्ची फरशीवरून करकर ओढत आत आणली. सगळी बँक बघत होती. बघू दे.

ती बसली, पदर सावरला आणि तिने विचारलं, "सायेब, तुमाला कन्नड येतं का?"

त्यांना येत नव्हतं. टेबलावर साहेब चष्मा ठेवायचे त्या जागी ती थोडा वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे एकदा बघून मराठीत बोलायला लागली.

मी ऐकत बसलो. व्याजाचं नंतर काढलं.