काशीराम पालवांनी शाफ्ट वाचवला तेव्हा

मी साकीनाक्याच्या एका मसाला कारखान्यात देखभाल बघते. पाकिटं भरणाऱ्या मशीनचा शाफ्ट दोन महिन्यांत तीनदा तुटला. आमचे साहेब नितेश सरफरे. यांनी आयुष्यात पाना धरलेला नाही. त्यांनी बाहेरून एक सल्लागार आणला. त्याने टॅबवर फोटो काढले, एसीत बसून चहा प्यायला आणि ऑपरेटर मशीनवर जास्त लोड टाकतात असा अहवाल दिला. साहेबांनी सगळ्यांसमोर शकुबाईंना झापलं. अकरा वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला. मी गप्प उभी होते.

तुटका तुकडा आणि ज्यावरून शाफ्ट बनवून घेतला होता ते ड्रॉइंग घेऊन मी काशीराम पालवांच्या गाळ्यात गेले. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. तुकड्यावरून अंगठा फिरवून त्यांनी विचारलं, हे चित्र कोणाचं? मी म्हटलं, माझंच.

"मगे हयसर कोपरो इतको धारदार कित्याक ठेवलंस गो? शाफ्ट थयंच तुटतलो."

जाड भाग बारीक होतो तिथे गोलाई द्यायची असते. पहिल्या वर्षी शिकवतात. मी विसरले होते आणि त्या टॅबवाल्याला तर दिसलंही नव्हतं.

दोन दिवस आम्ही मिळून काम केलं. मी मापं घेत होते, ते कापत होते. मग कारखान्यात येऊन त्यांनी मशीनवर तळवा ठेवला आणि मोटर झटका देऊन सुरू होते हे ओळखलं. मोटर आणि शाफ्टच्या मध्ये झटका पचवणारं रबरी कपलिंग बसवायचं ठरलं, पण त्याला जागा करायला मोटर मागे सरकत नव्हती. मोटरखालच्या प्लेटची बोल्टची भोकं लांबट करू, असं मी सुचवलं. ते पुटपुटले, त्यांनी नाक मुरडलं आणि भोकं लांबट केली.

मशीन चालू झाल्यावर चूक ड्रॉइंगची, म्हणजे माझी होती, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. शकुबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"साहेब मला झापत होते तेव्हा का नाही बोललीस?"



सात महिने शाफ्ट टिकलाय. साहेबांनी बोर्डावर स्वतःचा आणि सल्लागाराचा फोटो लावला, वर काशीरामांना शाल द्यायला बोलावलं. ते तेलकट शर्टातच आले. शाल हातात आल्यावर त्यांनी साहेबांना मशीनमधला शाफ्ट दाखवायला सांगितलं. साहेबांनी मोठ्या रुबाबात शाफ्ट सोडून गिअरबॉक्सकडे बोट केलं.

काशीराम शाल खुर्चीवर ठेवून निघून गेले.