बिनदेठाचे गुलाब

गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोर श्रावण आणि बायनाबाईचं हाराचं दुकान आहे. दुकान कसलं, एक लाकडी ठेला, वर निळी ताडपत्री आणि खाली पाण्याच्या दोन बादल्या. लग्न असो, मयत असो, साहेबाची बदली असो, हार इथूनच जाणार. श्रावण फुलं निवडणार, बायनाबाई ओवणार आणि मधल्या वेळात दोघं मनसोक्त भांडणार. जन्म गेला त्यांचा यात.

पूर्वी फेब्रुवारीत एकच धावपळ असायची, सात तारखेच्या रमाई जयंतीची. आता नेमका त्याच दिवशी कॉलेजच्या पोरांचा रोज डे निघाला. तिथून जे सुरू होतं ते चौदा तारखेपर्यंत थांबायचं नाव नाही. एक दिवस चॉकलेटचा, एक अस्वलाचा, एक मिठी मारायचा. अहो, इतकं पक्कं वेळापत्रक तर एसटीलाही जमलं नाही! समोरच्या जाहिदनं गिफ्ट सेंटरवर लाल फुगे लावले, तेव्हा श्रावणचा पोरगा कुलदीप म्हणाला, "बाबा, आपणही लांब देठाचे गुलाब ठेवू. पन्नीत गुंडाळून, लाल फीत बांधून." कुलदीप चंद्रपूरला नोकरीला. श्रावणनं हो म्हटलं. आजकाल तो पोराला कशालाच नाही म्हणत नव्हता.

कारण बायनाबाई विसरायला लागली होती. चहा उकळून उकळून भांडं जळायचं, हार अर्ध्यात राहायचा. घर स्टँडच्या मागेच, तरी एकदा ती घरी जायचं म्हणून चामोर्शीच्या गाडीत जाऊन बसली. कंडक्टर ओळखीचा म्हणून बरं. ते कळल्यावर कुलदीप धावत आला होता. "आता आणखी एक बार असं झालं न बाबा, तं मी आईले घेऊन जातो. माह्या खोलीत दोघायले जागा नाई. तुमी दुकान पाहा."

तेव्हापासून श्रावण तिच्या चुका झाकत होता. तिचे चुकलेले हार तो गुपचूप उसवून पुन्हा ओवायचा, जळकं भांडं स्वतःच घासायचा. तिच्याशिवाय त्या ठेल्यावर बसायचं हे त्याला कल्पनेतही झेपत नव्हतं.

तेराच्या संध्याकाळी कुलदीप गुलाब घेऊन आला. "आई, याले हात नोको लावू," त्यानं तीन-तीनदा बजावलं. तिनं दरवेळी मान डोलावली. सकाळी बापलेक पन्नी आणि फीत आणायला जाहिदकडे गेले. गप्पांत थोडा वेळ गेला खरा.

परत आले तर बायनाबाईच्या पायाशी हिरव्या देठांचा ढीग, आणि सूप लालभडक फुलांनी भरलेलं. हारवाल्यांच्या हाताला गुलाब लागला की अंगठा आपसूक देठ तोडतो. हाराला देठ काय करायचा? इतकी वर्षं तिनं दुसरं केलंच काय होतं? "पाहा," ती खुशीत म्हणाली, "तुमी येईपर्यंत सारं काम उरकवलं."

कुलदीपनं तोंड उघडलं. तेवढ्यात श्रावण म्हणाला, "मीच सांगतलं तिले तोडाले."

"तुमी? बाबा, आज चौदा तारीख हाय! पोरायले देठासकट पाहिजे, कालच तं बोललो आपण."

"कोन पोरं? मी तं हारासाठी आणाले सांगतले होते."

 कुलदीपनं हळूच विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

होता शनिवार. श्रावणनं आयुष्यात कधी शिळं फूल ताजं म्हणून खपवलं नव्हतं.  "गुरुवार," तो म्हणाला.

कॉलेजची पोरं आली, सुपात डोकावली, हसली आणि जाहिदकडे गेली. त्याच्याकडे प्लास्टिकचे गुलाब होते, वर अत्तर मारलेले. त्यांना काय, तेही चाललं. सुपातल्या फुलांचे हार झाले आणि दुपारी एका लग्नाला गेले.

निघताना कुलदीपनं आईला बाजूला घेतलं, पण आवाज श्रावणपर्यंत येत होता. "आई, बाबाचं डोस्कं काम नाई करून राह्यलं. मी तुले न्याचं म्हणत होतो, पण आता त्यायच्याजवळ कोन राह्यन? तूच राह्य. त्यायले एकटं सोडू नोको." मग बापाजवळ येऊन, लहान पोराशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सोडून म्हणाला, "बाबा, आईचं ऐकाचं. बरं?"

श्रावणनं मान हलवली. जिंकला होता तो, आणि तरी ते "बरं?" त्याला फार लागलं. गाडी गेली. तो सुईत दोरा ओवत बसला, पण दोरा काही केल्या जाईना.

बायनाबाई जवळ येऊन बसली. तिनं सुई त्याच्या हातातून काढून घेतली. तिचे डोळे भरून आले होते. "भेऊ नोका," ती म्हणाली. "तुमी सारं विसरले तरी मी हाव न. मले आठवते सारं." मग थोडी घुटमळली. "माहं नाव तं आठवते न तुमाले?"

आता इथेही चुकायला हवं होतं. सकाळपासून जमलंच होतं ते.

"बायना," श्रावण म्हणाला.