बाबांचं गेज

आमच्या ट्रकच्या डिझेलमध्ये पाणी यायला लागलं, तेव्हा कोपरीच्या मिस्त्रीने गाडीच्या मूळ फिल्टरच्या आधी आणखी एक फिल्टर बसवून दिला. त्याच्या खाली काचेची वाटी होती. पाणी आणि गाळ तिच्यात साचायचा, तो अधूनमधून सोडून द्यायचा. एवढ्यावर मी खूश होतो. बाबा नव्हते. "फिल्टर दोन केलेस, पण ते चोंदले की कळणार कसं?" असं म्हणत त्यांनी केबिनमध्ये डिझेलचं प्रेशर दाखवणारं गेज लावायला लावलं. मोहने गावच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी बॉयलरच्या गेजसमोर गेलेली. सुई हिरव्या खुणेवर असली की ठीक, खाली घसरली की फिल्टर बदलायचा.

कारखाना बंद झाल्यापासून बाबा घरात नुसते बसून असायचे. पेपर वाचून झाला की खिडकीत, खिडकीचा कंटाळा आला की पुन्हा पेपर. गेज बसलं आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर गाडीवर यायला लागले. डावीकडच्या सीटवर बसून, मी न विचारता, थोड्याथोड्या वेळाने सांगायचे, "प्रेशर बरोबर." शिळफाट्याला गाडी जागची हलत नसली तरी, "प्रेशर बरोबर." मी वैतागायचो, पण माणूस पुन्हा माणसात आला होता हे मलाही दिसत होतं.

मग एकदा गेजकडे जाणारी बारीक नळी गळायला लागली आणि डिझेल बाबांच्या चपलेवर ठिबकायला लागलं. ते घरी असताना मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याच्याकडे नळी नव्हती, मला भाड्याची घाई होती. त्याने नळी काढून टोक बंद केलं आणि सुई तळाला जाऊन बसली. ती तशी दिसली असती तर बाबांनी गाडी हलू दिली नसती. मी मिस्त्रीला गेजची काच काढायला लावली आणि सुई हिरव्या खुणेवर चिकटवून टाकली. नळी मिळेपर्यंत वेळ मारून नेऊ, एवढंच डोक्यात होतं. नळी मिळाली की बघू, उद्या बघू, असं करत मी ते विसरलो नाही, टाळलं. गाडी नीट चालत होती आणि बाबा खूश होते.

हे खोटं सांभाळायलाही मेहनत पडायची. इंजिन बंद झालं की सुई खाली यायला हवी, ही तर येणार नव्हती. म्हणून मी आधी गाडी चालू करायचो, मग बाबांना वर घ्यायचो. आणि परत आल्यावर त्यांना हात धरून खाली उतरवायचो, मगच इंजिन बंद करायचो. चाळीतल्या काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "बापाला किती जपतो गं तुझा नवरा." चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं त्यांना सगळं कळलंय.

मुंब्रा बायपासच्या चढावर, मागे लाद्यांचा माल असताना, गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढेना. मी कशीबशी कडेला घेतली, नेहमीसारखं आधी बाबांना उतरवलं आणि मग इंजिन बंद केलं. मागे हॉर्न सुरू झाले. कित्येक दिवस न बघितलेली वाटी उघडली तर काळा गाळ आणि पाणी, दोन्ही फिल्टर गच्च चोंदलेले. बाबा वाकून बघत राहिले. तेवढ्यात हवालदार आला आणि माझ्यावर ओरडायला लागला. बाबा मध्ये पडले. "साहेब, पोराची चूक नाही. गेजवर मी असतो. सुई पडली असणार, मला दिसली नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी पान्हा फिरवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला नाही. म्हणाले, "डोळे गेले माझे. तू जा." मी त्याच दिवशी नळी शोधून आणली, सुई सोडवली, गेज चालू केलं आणि त्यांना सांगितलं की नवीन बसवलंय, आता तरी चला. ते म्हणाले, "गेज चांगलंच होतं रे. बघणारा बाद झाला." पुन्हा पेपर आणि खिडकी. खरं सांगावं तर आयुष्यभर गेज वाचलेला माणूस चिकटवलेली सुई वाचत होता, हे त्यांना कळणार. न सांगावं तर ते स्वतःला आंधळे समजत बसणार. मी सोपा रस्ता धरला आणि त्यांना डोंबिवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. थोडा नंबर निघेल, चष्मा बदलेल, गाडीवर येतील.

डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. या वयात असे कुणाचे नसतात.

परतताना पत्री पुलाच्या अलीकडे रिक्षा थांबली तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "डोळे चांगले आहेत. म्हणजे डोकंच गेलं माझं. आईला एवढ्यात सांगू नकोस."

तेव्हा मी सांगितलं. नळी, काच, चिकटवलेली सुई, हात धरून उतरवणं, सगळं. त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एखाद्या जाणत्याला विचारावं तसं मला विचारलं, "मग इतके दिवस मी काय वाचत होतो?"