थांबून राहिलेला सर्व्हर

कुवेतमधल्या शुवैखच्या एका शीतगोदामात मी सॉफ्टवेअर बघतो. प्रत्येक थंड खोलीत एक डबा बसवलेला आहे. तो तापमान मोजतो आणि नेटवर्कवरून आमच्या सर्व्हरला कळवतो. आमच्या मॅनेजरांना पुण्याचे असल्याचा भारी अभिमान. अक्कल मात्र तिथेच ठेवून आले असावेत. पडद्यावरचे आकडे अडकले की त्यांचं फर्मान सुटे, "पोर्ट खराब झालाय, बदला." अहो, पोर्ट म्हणजे नुसता नंबर. एकाच मशीनवरच्या कुठल्या प्रोग्रामला निरोप द्यायचा, एवढंच तो सांगतो. नंबर कधी नासतो का? पण तो बदलताना सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे, आणि सुरू केला की चाले. साहेबांची कॉलर ताठ. असे आम्ही पाच हजारापासून पाच हजार अकरापर्यंत पोचलो.

खोट प्रोग्राममध्ये होती आणि प्रोग्राम मी लिहिलेला. सर्व्हर एका डब्यापाशी जाई आणि तो बोलेपर्यंत तिथेच उभा राही. एखादा डबा जोडलेला असून गप्प बसला, की बाकीच्यांचं कोणी ऐकेना. पडद्यावर शिळे आकडे.

ऐन उन्हाळ्यात मासळीच्या खोलीवरच्या चाचांचा फोन आला. रत्नागिरीकडचा माणूस, त्या खोलीवर वीस वर्षं काढलेला.

"बाबा, खोली थंड नाय लागत. जरा येऊन बघ."

"चाचा, इथे मायनस अठरा दाखवतंय. कॉम्प्युटरपेक्षा तुमचा हात हुशार का?" मी हसून फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत मासळी वितळून वास सुटला. मी घाईघाईने चार ओळी बदलल्या: निरोप आला नसेल तर न थांबता पुढच्या डब्याकडे जा. तेवढंच लागत होतं. कोणाला सांगितलं नाही.

चौकशीत मॅनेजरांनी ठरवूनच टाकलं, चाचांनी दार उघडं ठेवलं. मालकांनी मला विचारलं, सर्व्हर चालू होता ना?

"पोर्ट उघडा होता," मी म्हणालो. शब्दशः खरं, फक्त त्यामागचा सर्व्हर अडकलेला होता. मॅनेजरांनी मान डोलावली.

चाचा अजून निर्धास्त होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मी ह्याला फोन केला होता. विचारा ना ह्याला."

माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"फोनचं मला काही आठवत नाही."

ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी हात खाली घेतला. आठवड्याभरात त्यांना कायमचं घरी धाडलं, आणि मी अजून त्या मॅनेजरांना मूर्ख म्हणतो.