थँक्यूच्या आधीची दोन मिनिटं

शाहीन आपानं मला बोलायला शिकवलं. हे आधी लिहिते, मंग बाकीचं. कारण बाकीचं लिहायला बसले की हात थांबतो, आणि हात थांबला की तिचा आवाज ऐकू येतो, "चुकलं तर चुकलं, रुकायचं न्हाई." माझं शिक्षण आठवीपर्यंत. ज्या पेपरच्या पुरवणीला हे पाठवतेय ती मी आजवर वाचली ती दवाखान्यात, पेशंटच्या डब्याखाली अंथरलेली, भाजीच्या तेलानं अर्धी दिसेनाशी झालेली. तेव्हा कुठं शब्द वाकडा पडला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सात आठवड्यांपूर्वीची गोष्ट. मी इंग्लंडच्या उत्तरेकडं एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात कामाला आहे. सकाळच्या चहाच्या सुट्टीत फोन बघितला, तर जालन्याच्या आमच्या दवाखान्यातल्या कांताबाईंचा आवाजी निरोप आलेला. कांताबाईंचे निरोप लांबलचक असतात, सुनेपासून सुरू होऊन गुडघ्यापर्यंत जातात, म्हणून वाटलं घरी जाऊन निवांत ऐकू. मंग दिसलं की निरोप फक्त अकरा सेकंदांचा आहे. कांताबाई एवढं थोडं कधीच बोलल्या नाहीत, म्हणून तिथंच उभ्या उभ्या लावला. "सुनंदा, शाहीन सिस्टर गेली गं. सकाळी दुसरीला ड्यूटी देता देता पडली. डोक्यात रक्त झालं म्हणतात." बस, एवढंच. मी कप धुतला, जागेवर ठेवला. एका आजींची आंघोळ राहिली होती, ती घातली. त्यांनी विचारलं, आज गप्प का, तर मला इंग्रजीतला एक शब्द आठवेना... माझी सकाळ म्हणजे तिकडची दुपार. काम संपवून फोन लावला तोवर दफन होऊन माणसं घरी परतली होती.

आपाची आणि माझी ओळख नवीन जालन्यातल्या त्या दवाखान्यातली. सासर सोडून मी पिंपळगाव रेणुकाईला भावाच्या घरी आल्ते, आणि तिथून चार महिन्यांत जालन्याला. दवाखान्यात झाडू-पोछा, चादरी, बेडपॅन करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात, वय काही का असेना. सत्ताविसाव्या वर्षी साठीतले पेशंटही मला मावशी म्हणायला लागले. आपा तिथं सिस्टर होती, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी तिनं नाव विचारलं आणि नावानंच हाक मारली. मी तिला सिस्टर म्हणायचे, तर म्हणाली, "सगळा वार्ड सिस्टर म्हणतो. तू तरी आपा म्हण."

एका दुपारी सलाईनचे खोके आणायला औषधांच्या खोलीत गेले, तर आतून तिचा आवाज येत होता, फाडफाड इंग्रजी. वाटलं फोनवर कुणाशी भांडून राह्यली. डोकावले, तर ती औषधांच्या फ्रिजसमोर उभी. फ्रिजवर हातातलं घड्याळ काढून ठेवलेलं, आणि फ्रिजशीच बोलणं चाललेलं. मला पाहून लाजली नाही. म्हणाली, बाहेरच्या देशात नर्स म्हणून जायला इंग्रजीची परीक्षा असते, त्यात समोरचा साहेब एक विषय देतो, एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं न थांबता बोलायचं. "बसती का समोर? हा फ्रिज मानच हलवत न्हाई." मी खोक्यावर बसले. एक शब्द कळत नव्हता, पण दोन मिनिटं मान हलवत राहिले. त्या दिवसापासून ते माझं काम झालं. म्हणजे आमच्यात आधी ऐकणारी मी होते, हे मला आता वारंवार आठवतं.

ती परीक्षा आपा दोनदा देऊन आल्ती. लिहिणं, वाचणं, ऐकणं सगळ्यात पास, बोलण्यात अर्ध्या गुणानं कमी. तिच्यासारखी बोलणारी पूर्ण दवाखान्यात नव्हती, मग असं कसं? एकदा अम्मीच्या हातचा खिचडा खाता खाता तिनं सांगितलं. जुन्या जालन्यात तिचं दोन खोल्यांचं घर, वडील नाहीत, अम्मी शिलाईकाम करते. म्हणाली, "अगं, दोन मिनिटं झाली की तो साहेब मधीच थँक्यू म्हणतो. त्याचं कामच आहे ते, वेळ संपली म्हणून सांगायचं. त्याच्यानंतर अजून प्रश्न असतात. पण माझ्या कानाला थँक्यूची वेगळी सवय." ही सवय मला लगेच कळली, कारण मी रोज पाहायचे. मोठे डॉक्टर राउंडला यायचे, सिस्टर पेशंटची हकिकत सांगायला लागायची आणि डॉक्टर मधेच म्हणायचे, "थँक्यू, सिस्टर." म्हणजे आता गप्प, फाईल ठेवा, मागं सरका. बारा वर्षं ती तशी मागं सरकत आल्ती. परीक्षेच्या खोलीत साहेबाचं थँक्यू ऐकलं आणि तिची जीभ आपोआप मागं सरकली. पुढच्या प्रश्नांना नुसतं येस सर, नो सर. दुसऱ्या वेळी तिला सगळं माहीत होतं, ठरवून गेल्ती, तरी तेच झालं. हसत सांगत होती, पण घास ताटातच होता.

मला परीक्षेला बसवायचं तिच्याच डोक्यात आलं. वृद्धाश्रमात सांभाळणाऱ्या बायका तिकडं हव्यात, त्यांना नर्सइतके गुण लागत नाहीत, असं तिला समजलं होतं. मी हसण्यावारी नेलं. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "इथं मराठीत बेडपॅन उचलती, तिथं इंग्रजीत उचल." ते मी आपाला रडत सांगितलं. ती म्हणाली, "बराबर बोलला तुझा भाऊ. चल, मंग तेच शिकू. बेडपॅनला बेडपॅनच म्हणतात, एक शब्द तर झाला." माझ्यापुढं दुसरा रस्ता नव्हता, हेही खरं. भावाच्या घरात माझी जागा दर दिवाळीला थोडी कमी होत होती, आणि दवाखान्यात मी म्हातारी होईस्तोवर मावशीच राहणार होते.

शिकवणी चालता-बोलता चालायची. चादर बदलताना मी चादर बदलतेय, उशी उचलताना उशी उचलतेय, सगळं इंग्रजीत मोठ्यानं म्हणायचं. पाय मोडून पडलेले वडीगोद्रीचे एक आजोबा वैतागून म्हणाले, "मावशे, माझ्याशी मराठीत बोल. मला वाटून राह्यलंय मी परदेशात मरायला आलो." पाठ केलेली उत्तरं आपाला चालत नसत. आणि तिचा खरा धडा वेगळाच होता. मी काहीही बोलत असले, कांताबाईंची चहाडी असो की घरचं दुखणं, ती मधेच कोरड्या आवाजात म्हणायची, "थँक्यू." मी गप्प झाले की चिडायची. "गप बसायचं न्हाई. मान वर, हसायचं, पुढच्या प्रश्नाला तयार." महिनाभर माझं एक वाक्य तिनं धड पूर्ण होऊ दिलं नाही. नवऱ्याच्या घरातून निघाले त्या दिवसाचं पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते, डोळे भरले होते, तेव्हाही म्हणाली, थँक्यू. आणि मला हसू आलं, कधी नव्हे ते त्या गोष्टीवर हसू आलं.

घरी सरावाला तिनं मला आवाज भरून पाठवले. एकूण एकेचाळीस. प्रत्येकात आधी तिच्या आवाजात इंग्रजीत विषय, मग माझ्या बोलण्यासाठी सोडलेली दोन मिनिटं, आणि शेवटी थँक्यू. एकदा भरलेली दोन मिनिटांची शांतता दर वेळी मधे जोडली असती तरी चाललं असतं. पण तिला तसं जोडता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी ती खरोखरची दोन मिनिटं फोन धरून गप्प बसलेली आहे. ड्यूटी करून आल्यावर, एकेचाळीस वेळा.

परीक्षा पुण्याला झाली. साहेबानं विषय दिला, रोज वापरातली एक वस्तू. मला आमच्या वार्डातली चाकाची खुर्ची आठवली. तिचं एक चाक आखडलेलं, ती कायम डावीकडं ओढायची, म्हणून सरळ न्यायची तर उजवीकडं ढकलावी लागायची. मी तेच सांगितलं, मोडकं-तोडकं, हातवारे करून करून. साहेब म्हणाला, थँक्यू. आणि मला एकदम हसू फुटलं. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, माझी मैत्रीण असंच म्हणते. मग त्यानं मैत्रिणीबद्दल विचारलं आणि मी थांबलेच नाही. मी पास झाले. निकाल आपानंच तिच्या मोबाईलवर बघितला. मला मिठी मारली, आणि लगेच बाजूला होऊन इंजेक्शनचा ट्रे भरायला लागली. पुढच्या महिन्यात तिची तिसरी परीक्षा होती... ती पुन्हा अर्ध्या गुणानं राहिली. मला थँक्यूवर हसायला शिकवणारीला स्वतःला ते जमलं नाही. ज्या दवाखान्यानं तिला थँक्यूवर मागं सरकायला शिकवलं होतं, तिथं रोज सकाळी राउंडला ती उभीच होती.

इकडं आल्यावर आमचा रविवार ठरला. मी साहेब, ती विद्यार्थी. फोनवर मी विषय द्यायचे, घड्याळ लावायचे आणि कुठंही तोडायचे. "बिलकुल दया करायची न्हाई," हे तिनं बजावलेलं. चौथ्या परीक्षेची तारीख मिळाली होती. खरंच फरक पडत होता. तोडलं तरी ती हसून पुढचं बोलायला लागली होती. इथल्या चाकाच्या खुर्च्या सगळ्या सरळ चालतात आणि मी सवयीनं उजवीकडं ढकलते, हे मी सांगितलं तेव्हा अम्मीला ऐकवायला तिनं फोन मोठ्या आवाजावर केल्ता.

शेवटच्या रविवारी माझी ड्यूटी होती. सुट्टीतली पंधरा मिनिटं मिळाली, त्यात फोन लावला. विषय दिला, परत जावंसं वाटतं अशी एक जागा. तिनं क्षणभरही विचार केला नाही, औषधांची खोली म्हणाली. फ्रिजसमोर ती कशी बोलायची, खोक्यावर एक बाई कशी येऊन बसली, काही न कळता कशी मान हलवायची. इंग्रजीत माझ्याबद्दल असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. मग ती म्हणाली, एक दिवस ती बाई मला म्हणाली की... आणि इकडं एका खोलीची घंटा वाजली. दोन मिनिटांना अजून अर्धं मिनिट बाकी होतं. मी म्हणाले, थँक्यू. ती खळखळून हसली. "शाब्बास. जा जल्दी, कुणी बोलवून राह्यलं." बुधवारी ती गेली.

मी तिला कुठल्या दिवशी काय म्हणाले होते? सात आठवडे तेच शोधतेय. एवढी वर्षं मी तिच्याशी नुसती बडबडच केली. त्यातलं कोणतं वाक्य तिनं जपून ठेवलं होतं, ते मला ठाऊक नाही आणि आता विचारायला कुणी नाही. आपण सराव म्हणूनच तोडलं, तिनंच तोडायला सांगितलं होतं, हे सगळं मनाला सांगून झालं. मन ऐकत नाही.

दफनानंतर आठवडाभरानं अम्मीचा फोन आला होता. रडून रडून आवाज बसलेला. म्हणाली, "आखरी में क्या बोल री थी वो तुजसे? इतवार कू बहोत हसी। मेरे कू बोली नै, इंग्रेजी की बात है बोली।" मी म्हणाले, अभ्यास चालू होता, अम्मी. एवढंच म्हणाले. इंग्रजीच्या परीक्षेत न अडलेली मी, अम्मीपुढं अडले.

ते एकेचाळीस आवाज अजून माझ्या फोनमध्ये आहेत. तेव्हा रोज लावायचे, पण विषय संपला की मी लगेच बोलायला लागायचे, त्यामुळं त्या दोन मिनिटांत काय आहे ते मी कधी ऐकलंच नव्हतं. परवा सतरावा लावला. विषय तोच निघाला, परत जावंसं वाटतं अशी जागा. मी बोलले नाही. पंख्याचा आवाज. अम्मीच्या शिलाई मशीनची टकटक, थांबते, पुन्हा चालू होते. गल्लीतून एक ऑटो गेली. मशीन थांबवून अम्मी हळूच विचारते, हो गया क्या? आपा शू करते. मग दूरवर अजान, आणि अगदी जवळ आपाचा श्वास. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाचा श्वास... माझ्यासाठी गप्प बसलेली ती मी पहिल्यांदा ऐकली. शेवटी कोरड्या आवाजात म्हणाली, थँक्यू.

पुढच्या वर्षी मला रजा मिळेल. जालन्याला उतरले की आधी पिंपळगावला जाणार नाही, जुन्या जालन्याला जाईन. अम्मीच्या मशीनशेजारी बसून सांगेन की आपा औषधांच्या खोलीबद्दल बोलत होती, एका बाईबद्दल बोलत होती, आणि तिचं शेवटचं वाक्य मी तोडलं. ते वाक्य मला पूर्ण करता येणार नाही, पण कुठं तुटलं ते अम्मीपासून लपवणार नाही. त्यानंतर अम्मी जे बोलेल, रागावेल, रडेल, की नुसती मशीन चालवत बसेल, ते मी मधे एक शब्द न बोलता ऐकेन, कितीही वेळ लागला तरी. आपा, तुझी ती दोन-दोन मिनिटं माझ्यावर आहेत. मी ती अशीच फेडीन.