बेसूर आलेलुया

माझ्या मुलाबद्दल आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत एक समज आहे. त्याचा विश्वास उडाला आहे, असं लोक म्हणतात. अनिल मिस्सेला, म्हणजे आमच्या सामूहिक उपासनेला, येतो, मागे भिंतीला टेकून उभा राहतो, पण गीत सुरू झालं की त्याचं तोंड बंद. बायकोच्या भीतीने येतो, असंही कुणी कुणी हसून बोलतं. हा समज खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचं मला कितीतरी वर्षांपासून ठाऊक आहे. मी कधी बोललो नाही. आता वय झालं, दोन पायऱ्या चढलो तरी दम लागतो. मागच्या ईस्टरला देवाने आमच्या घरी जी कृपा केली ती सांगायची आहे, आणि ती सांगायची तर आधी हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगमध्ये एका वृद्ध फादरांनी आम्हां पोरांना गायला शिकवलं होतं. पेटीवरची मराठी गीतं तर शिकवलीच, पण मिस्सेतले जुने, बिनतालाचे सूरही शिकवले. त्यात टाळी नाही, ठेका नाही. शब्द जेवढा लांब तेवढा श्वास लांब. ते सूर माझ्या अंगात मुरले. सोनपेठला बदली होऊन आलो तेव्हा इथे चर्च नव्हतं, आजही नाही. महिन्यातून एकदा परभणीहून फादर येतात आणि आमच्याच ओसरीवर पत्र्याखाली मिस्सा होते. पालमकडची एक-दोन घरंही एसटीने येतात. मुलांना गाणं शिकवायची जागाही हीच ओसरी. ड्यूटीवरून आलो, जपमाळ झाली, की मी पेटी काढायचो आणि आमची व शेजारच्या ख्रिस्ती घरांतली पोरं गोल करून बसायची. "मास्तरांची पोरं किती गोड गातात" असं बाहेरगावचे लोक म्हणत. कंडक्टरला मास्तर म्हटलेलं मला आवडायचं. तिथेच माझं बिघडलं.

अनिल तेव्हा नऊ वर्षांचा असेल. सगळ्यांत मोठ्याने तोच गायचा आणि सुरात मात्र कधीच नसायचा. त्या नाताळात बिशप आमच्याकडे मिस्सेला यायचे होते. ओसरीला रंग दिला होता, पताका लावल्या होत्या. मिस्सा सुरू व्हायच्या आधी मी अनिलला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नको." त्याने मान हलवली. मुलं सुरेख गायली. मिस्सा संपल्यावर बिशपांनी नेमका अनिलचाच गाल थोपटला. "तुझं तोंड सगळ्यांत मोठं उघडत होतं. छान गायलास हं," असं ते म्हणाले. अनिलने माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसलो. काहीतरी गंमत झाल्यासारखा हसलो.

त्यानंतर तो कधी गायला नाही. स्वतःच्या लग्नातही नाही. मोठा झाला, विजेच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान काढलं, घर सांभाळलं. जपमाळ तो रोज करतो. ओठांतल्या ओठांत करतो म्हणून कुणाला दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका नातलगाच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरला. बाळाला विश्वासात वाढवायची जबाबदारी घेणारा धर्मपिता म्हणून अनिलचं नाव निघालं, तेव्हा त्या घरातले वडीलधारे म्हणाले, "त्यो कुठं देवाचं नाव घेतो? त्याला नको." मी तिथेच, चहाचा कप हातात घेऊन बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "आजकालची पोरं, काय सांगावं." अनिलला हे कळलं. त्याने बाळासाठी चांदीचा क्रूस घेऊन ठेवला होता, तो तसाच पाठवून दिला.

आता ईस्टरकडे येतो. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत आम्ही आलेलुया, म्हणजे 'देवाची स्तुती करा', हा शब्द गात नाही. राखेच्या बुधवारी तो बंद होतो आणि पुनरुत्थानाच्या सणाला पुन्हा उघडतो. त्या दिवशी फादर एकटे तो शब्द गातात, लोक तोच शब्द गाऊन उत्तर देतात. असं तीनदा, दर वेळी थोडं वरच्या सुरात. मुलांना या नियमाची फार मजा वाटते. अनिलची मुलगी सलोमी आठ वर्षांची. तिने त्या काळात सगळ्या घरावर पहारा ठेवला होता. तिचा भाऊ जोएल मुद्दाम "आले... आले... आलेपाक" असं म्हणून तिला चिडवायचा आणि ती किंचाळत माझ्याकडे यायची.

रोज संध्याकाळी मी मुलांना तो आलेलुया मनातल्या मनात म्हणायला लावायचो. पेटीवर सूर वाजवायचो, मुलं तोंड मिटून ऐकायची, आणि बाकीची उत्तरं मात्र मोठ्याने गायची. जोएलला ठेक्याशिवाय करमत नाही, तो पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवायचा.

"आबा, ह्याच्यात ठेका कवा येणार?"

"येणार न्हाई."

"मंग हे गाणं हाय का नुसतं लांबवलेलं बोलणं?"

"लांबवलेलं बोलणंच हाय," मी म्हणालो. "देव लांब हाय ना, म्हणून लांबवायचं."

"माझ्या मोबाईलवर तर लांबचा फोन बी लगेच लागतो," शेजारचं पोरगं म्हणालं, आणि धडा तिथेच संपला. सगळे लोळून लोळून हसत होते.

सलोमी गायला लागली की मला धास्ती वाटायची. बापाचाच गळा. जाड, खाली उतरणारा, कुठल्याही पट्टीत न बसणारा. मी एकदा वैतागून म्हणालो, "अगं, किती रेडकावानी ओरडायलीस!" तेव्हा आमची मंडळी, म्हणजे अनिलची आई, स्वयंपाकघरातून कडाडली, "अवो, रेडकू असलं तरी आपल्याच दावणीचं हाय. तुमच्या पेटीच्या भात्याला छिद्र हाय त्ये बघा आधी." मुलं पुन्हा हसली. सलोमीही हसली. मी मात्र मनात विचार करत होतो, की सणाच्या दिवशी हिचं काय करायचं.

आणि सणाच्या सकाळी मी तेच केलं. ती नवा पिवळा फ्रॉक घालून ओसरीवर सगळ्यांच्या पुढे येऊन उभी होती. आज शब्द उघडणार म्हणून जागच्या जागी उड्या मारत होती. मी खाली वाकलो आणि तिच्या कानात म्हणालो, "सलू, तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नको."

तिच्या उड्या थांबल्या. मी मान वर केली तर दारात अनिल उभा. दोन्ही हातांत प्लास्टिकच्या खुर्च्या. त्याने ऐकलं होतं. तो एकेक खुर्ची वेगळी काढून, आवाज न करता, मांडत गेला. त्या क्षणी मला माझेच शब्द किती जुने आहेत ते कळलं. पण परत घ्यायला जीभ उचलेना. माणसं यायला लागली होती, आणि मी पेटीपाशी जाऊन बसलो.

आमचे नेहमीचे फादर फार गोड गातात. त्या दिवशी ते तापाने आजारी पडले आणि त्यांच्या जागी दुसरेच फादर मोटारसायकलवर आले. स्थूल, उन्हाने लाल झालेले, कपाळावर हेल्मेटचा वळ. दुसऱ्या जिल्ह्यातून पाहुणे म्हणून आले होते, आमच्यापैकी कुणीच त्यांना ओळखत नव्हतं. मी त्यांना पेटीवर सूर देऊन दाखवला. ते मोकळेपणाने म्हणाले, "आजोबा, मला यातलं काही कळत नाही. पण ईस्टर आहे, म्हणजे मी गाणार."

आणि ते गायले.

मी आयुष्यात पुष्कळ बेसूर माणसं ऐकली आहेत, शेवटच्या गाडीत तर रोजच. पण असं कधी ऐकलं नव्हतं. आलेलुयाचा पहिला स्वर माझ्या पट्टीच्या वर चढला, दुसरा खाली उतरून गेला, आणि शेवटी सूर अशा ठिकाणी जाऊन थांबला जिथे कुठलीच गाडी थांबत नाही. फादर मात्र डोळे मिटून, हात पसरून, सगळ्या छातीने गात होते. गाऊन झालं. आता लोकांनी उत्तर द्यायचं.

कुणालाच देता येईना. मी शिकवलेली सगळी गोड गळ्याची मुलं माझ्याकडे बघत होती, की आबा सूर कधी देणार. मी पेटीवर बोटं फिरवली, पण फादरांचा सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीवर नव्हता. पत्रा उन्हाने तडतडत होता. फादर तसेच हात पसरून, चेहऱ्यावर हसू ठेवून थांबले होते. चाळीस दिवस कोंडून ठेवलेला शब्द आमच्या ओसरीवर आला होता आणि त्याला घरात घ्यायला कुणी नव्हतं.

तेव्हा सलोमी गायली. एकटी. सगळा गळा उघडून, तसाच जाड, खाली उतरणारा आलेलुया.

जोएल फसकन हसला. शेजारची पोरं हसली. सलोमीचा चेहरा लाल झाला, आवाज मधेच डगमगला, आणि तिने मागे दाराकडे पाहिलं. आणि मागून एका पुरुषाचा आवाज आला. गंजलेला, खरखरीत, कुठल्याच पट्टीतला नसलेला. अनिल गात होता. भिंतीपासून पुढे येत, खुर्च्यांच्या मधून वाट काढत, लेकीचा अर्धा राहिलेला शब्द त्याने उचलला आणि शेवटापर्यंत नेला.

फादरांनी डोळे उघडले. त्यांना बहुधा वाटलं असावं की आमच्या गावात अशीच चाल आहे, कारण त्यांनी दुसरा आलेलुया पहिल्याहून मोठ्याने आणि पहिल्याहून भलत्याच सुरात घेतला. या वेळी सलोमी, अनिल आणि माझी मंडळी अशी तिघं होती. मंडळी पदराने डोळे पुसत गात होती. तिसऱ्याला सगळी ओसरी गायली. ज्याला जो सूर सापडला तो. पालमच्या म्हाताऱ्या मावशी टाळ्या वाजवत होत्या, जोएलने डब्यावर ठेका धरला होता, आणि मी त्याला थांबवलं नाही. मी पेटीचा भाता मिटला. गायचा प्रयत्न केला, पण हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि त्यातून जे निघालं ते सुरात होतं असं मला म्हणवत नाही.

मिस्सा झाल्यावर चहा-शिरा चालला होता. आमच्या मंडळीने फादरांना विचारलंच, "फादर, तुमाला गायला कुणी शिकवलं ओ?"

"कुणी नाही," फादर म्हणाले. "सेमिनरीत, फादर व्हायला शिकत होतो तेव्हा, सगळ्यांनी सांगितलं, तू गाऊ नकोस. मी म्हटलं, देवाने लेखी कळवलं तर थांबेन. अजून काही आलेलं नाही."

अनिल एवढ्या मोठ्याने हसला की त्याच्या हातातला चहा हिंदकळला. त्याला इतकं खळखळून हसताना मी त्याच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. फादर शिऱ्याची दुसरी वाटी संपवून, मोटारसायकलला किक मारून गेले. पुन्हा त्यांचं या बाजूला येणं झालेलं नाही.

माणसं पांगल्यावर अनिल खुर्च्या गोळा करत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"सकाळी मी सलूला..." एवढंच म्हणालो.

"ऐकलं मी बाबा." खुर्चीवर खुर्ची ठेवत तो म्हणाला. "आन् पहिलं बी इसरलो न्हाई."

"मंग आज कसा गायलास?"

"पोरगी एकटी पडली व्हती."

मी त्याचा हात धरला. म्हणालो, "माझं चुकलं रे. तवा बी आन् बाप्तिस्म्याच्या येळेला बी. तुला राग असंल."

"हाय की. लय वर्षांचा हाय," तो म्हणाला. "पण मघाशी गाताना कुठं गेला व्हता की, सापडलाच न्हाई." आणि खुर्च्यांचा ढीग उचलून तो आत गेला.

आता आमच्याकडे ही गोष्ट वेगळ्याच रीतीने सांगतात. म्हाताऱ्याने नातीला आधीच पढवून ठेवलं होतं, मुलाला परत आणायला ही युक्ती केली, असं लोक कौतुकाने म्हणतात. म्हणून लिहितो आहे. मी युक्ती केली नव्हती. मी तिला गप्प राहायला सांगितलं होतं. आणि माझा मुलगा कुठे गेलाच नव्हता, म्हणून परत यायचा प्रश्न नव्हता. त्याचं तोंड मी बंद केलं होतं आणि त्याचा दोष त्याच्यावर जाऊ दिला होता. ज्या घराने त्याला धर्मपिता होऊ दिलं नाही त्यांच्याकडे मी हल्लीच जाऊन हे सांगून आलो. त्यांच्या घरात आता दुसरं बाळ येणार आहे. पुढचं ते आणि अनिल बघतील.

मी कधी कधी विचार करतो, की त्या दिवशी आमचे नेहमीचे गोड गळ्याचे फादर आले असते तर काय झालं असतं. सगळं सुरात झालं असतं. मुलांनी छान उत्तर दिलं असतं, सलोमीने ओठ हलवले असते, आणि मी समाधानाने जेवलो असतो. ताप कुणाला का आला, कुणाला का पाठवलं गेलं, याचा हिशेब मला लावायचा नाही. मला एवढंच कळतं, की मी इतकी वर्षं देवाला माझा सूर देत होतो, आणि त्याला माझी माणसं हवी होती. मी सूर हातातून सोडला तेव्हा ती मिळाली.

हल्ली संध्याकाळी अनिल दुकान बंद करून ओसरीवर मुलांत बसतो. तो आणि सलोमी सुरुवात करतात, कुठून करतील त्याचा नेम नसतो. मी पेटीवर बोटं ठेवून त्यांच्या मागे मागे जातो. कधी गाठ पडते, कधी पडत नाही. प्रभू, हे ऐकायला तू मला एवढं आयुष्य दिलंस, तुझे उपकार आहेत.