दगडी कडबोळ्यांची थालीपीठं

बसा, चहा घ्या. माझी एक फजिती सांगतो. मोकळेपणानं हसा, आमची गल्ली हसून दमलीय!

अन्न टाकलेलं मला बघवत नाही. उरलेल्या आमटीत पीठ मळून धपाटी कर, शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाक, असे माझे उद्योग चालू असतात. तीस वर्षं बेळगावात भूगोल शिकवला, पण खरी विद्या निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात उजळली, असं माझं मत आहे. आमच्या हिचं मत विचारू नका.

तर ही चार दिवस निपाणीला बहिणीकडे निघाली. शेजारच्या आक्कांनी तिला सांगून टाकलं, "तू जा गं सुमन निर्धास्त. अण्णांचं दुपारचं जेवण माझ्याकडनं."

आक्कांच्या हातचं जेवण! मी हिला स्टँडवर सोडायला जरा जास्तच उत्साहानं गेलो.

घरी येऊन फडताळ उघडलं, तर आमच्या डब्यात कडबोळी. आमचाच डबा, झाकणावर माझं नाव कोरलेलं. एक तोंडात टाकलं. फुटेना! दाढेखाली धरून जोर लावला, तर दाढच हलल्यासारखी वाटली. मोहन घालायला विसरली बिचारी, मी म्हटलं, आणि लपवून ठेवून गेली.

टाकायची? छे! घातली मिक्सरात. काय तो आवाज! पण पीठ झकास रवाळ निघालं. त्यात रात्रीचा भात, कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि थालीपीठं थापली. खरं सांगतो, अशी खमंग थालीपीठं मी जन्मात खाल्ली नव्हती.

ओट्यावर आक्कांचा एक डबा धुऊन ठेवलेला होता. त्यांचे डबे आमच्याकडे सदा येत-जात असतात. आणि शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. मी चार गरम थालीपीठं घातली आणि ऐटीत देऊन आलो.

अर्ध्या तासात आक्का दारात. सोबत खानापूरहून आलेली त्यांची नणंद.

"अण्णा, थालपीठ लई खुसखुशीत झालंय बघा. भाजणी कुठनं आणलासा?"

आता सरळ सांगावं की नाही? पण कौतुक ऐकलं की माझी जीभ सुटते. "भाजणी नव्हे, आक्का! कडबोळी दळली. कडबोळी कसली, दगड हो! हिनं करून ठेवलेली. एक चावायला गेलो, तर दाढ हातात यायची वेळ आली!"

नणंद खो खो हसत सुटली. "आमच्या वैनीची बी परवा असलीच झालती की!"

इथं तरी माणसानं गप्प बसावं ना? मी म्हणालो, "मग दोघी एकाच शाळेत शिकल्यात म्हणायचं!"

आक्का हसल्या नाहीत. हळूच विचारलं, "अण्णा, त्यात तीळ काळं होतं का पांढरं?"

"काळे."

"मग ती माझीच. पांढरं तीळ संपलं होतं. तुम्ही फिरायला गेलतासा, तवा सुमनला दिलतो. तिनं डब्यात काढून घेतली असतील."

दुपारचं जेवण डोळ्यांसमोरून चालत निघालं होतं. "नाही म्हणजे... चवीला छानच होती, आक्का."

"व्हय? दाढ हातात यायची म्हणालासा न्हवं?"

त्या गेल्या. वाईट वाटलं हो. आक्कांनी दुखऱ्या पायांनी चुलीपुढं बसून केलेली कडबोळी, आणि ती मी नणंदेसमोर दगड ठरवली. आता जेवण येत नाही, हे धरूनच मी भाताला तांदूळ काढायला लागलो.

साडेबाराला नणंद डबा घेऊन आली. सांगतो, मला भरूनच आलं. उघडला, तर पातळ पेज. सोबत लोणचंही नाही.

"वैनी म्हणाली, अण्णांच्या दाढंला तरास नको," नणंद म्हणाली आणि तोंडाला पदर लावून पळाली.

दुसऱ्या दिवशी पेज. तिसऱ्या दिवशी पेज. मी हात जोडून माफी मागून आलो, तर आक्का म्हणाल्या, "राग कसला त्यात? दाढ बरी झाली की सांगा."

शेवटी हिला फोन केला. म्हटलं, तूच मध्यस्थी कर. पण हिला सगळं आधीच कळलेलं.

"आक्कांचं मी बघते," ही शांतपणे म्हणाली. "मला एवढंच सांगा. आजवर माझी कडबोळी तुम्ही आवडीनं खाता ना?"

"म्हणजे काय! अगदी आवडीनं!"

"मग दगड लागल्याबरोबर ती माझीच कशी वाटली?"